थांबेल की नाही? अर्थात अ‍ॅलन ट्युरिंगची गोष्ट

सुरुवातीलाच माफी मागते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे आम्हाला एक पेपर, तोही कसाबसा काढलेला. त्यामुळे मॅडमनी मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा पोटात गोळाच आला. पण विषय असा मिळाला की लिहिल्याशिवाय राहवेना. माझे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूम पार्टनरने तपासले आहेत. ती बार्शीची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. खरं तर हा लेख तिच्यामुळेच लिहिला गेला. कसा, ते सांगते.

गेल्या सेमिस्टरला मिनी-प्रोजेक्टचा सिनॉप्सिस द्यायचा होता. आम्ही दोघी एकाच ग्रुपमध्ये. आता लॅबमध्ये रोज कोणाचा ना कोणाचा प्रोग्राम हँग होतो हे तुम्ही पाहिलंच असेल. कर्सर लुकलुकत राहतो आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो. बिचारा अजून काम करतोय की लूपमध्ये अडकलाय, काही कळत नाही. पार्टनरच्या डोक्यात आलं की आपण असा प्रोग्राम लिहायचा, ज्याला दुसरा कुठलाही प्रोग्राम आणि त्याचा इनपुट दिला की तो आधीच सांगेल, हा थांबेल की कायम फिरत राहील. नाव ठरलं हँग डिटेक्टर. सिनॉप्सिस टाईप झाला, प्रिंट मारली, सबमिशनला तीन दिवस उरले. आणि त्याच संध्याकाळी लायब्ररीत थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचं पुस्तक चाळताना मला कळलं की असा प्रोग्राम अजून कोणी लिहिलेला नाही एवढंच नाही, तर तो कोणालाही, कधीही लिहिता येणार नाही. आणि याचं मूळ एका तेवीस वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या पेपरमध्ये होतं. तोही १९३६ साली, जेव्हा जगात आजच्या अर्थाचा एकही कॉम्प्युटर नव्हता!

पार्टनरने ते अजिबात मानलं नाही. तीन रात्री आमचा वाद चालला. त्या वादात मी या मुलाची जी माहिती गोळा केली, ती पुढे देत आहे.

अ‍ॅलन मॅथिसन ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनच्या मेडा व्हेल भागात झाला. पण त्याचं आपल्या देशाशी जवळचं नातं होतं हे किती जणांना माहीत आहे? त्याचे वडील ज्युलियस ट्युरिंग हे मद्रास प्रेसिडेन्सीत आयसीएस अधिकारी. आई इथेल सारा स्टोनी हिचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. आईचे वडील एडवर्ड स्टोनी मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर. म्हणजे इंजिनिअरिंग घरातच होतं म्हणायचं! मोठा भाऊ जॉन १९०८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला जन्मला. अ‍ॅलन मात्र भारतात कधी वाढला नाही. इथली हवा पोरांना सोसणार नाही या समजुतीने आईवडिलांनी दोन्ही मुलांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवलं आणि स्वतः नोकरीवर परतले. आईवडील दूर, पत्रांवर नातं. आपण हॉस्टेलवर अठराव्या वर्षी येऊनही पहिल्या महिन्यात उशीत तोंड घालून रडतो. त्याला तर तेव्हा दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

१९२६ साली त्याला शेरबोर्न नावाच्या निवासी शाळेत घातलं. शाळेच्या पहिल्याच दिवशी देशभर सार्वत्रिक संप, ट्रेन बंद. तेरा वर्षांचा हा पोरगा साउदम्प्टनच्या बंदरावरून सायकल काढून एकटा निघाला. साठ मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. वाटेत एका खाणावळीत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर! स्थानिक पेपरात त्याची बातमीही आली.

शाळेत मात्र त्याचं फारसं कौतुक झालं नाही. अक्षर गचाळ, वही शाईने माखलेली, लॅटिन आणि इंग्रजीत शेवटून नंबर. गणित तो स्वतःच्या पद्धतीने सोडवायचा आणि स्टेप्स लिहायचा नाही. (स्टेप मार्किंगमध्ये मार्क घालवणाऱ्यांनो, धीर धरा!) हेडमास्तरांचं मत असं की याला फक्त सायन्सच करायचं असेल तर या शाळेत तो वेळ वाया घालवतोय.

अशा शाळेत त्याला एक मित्र मिळाला. ख्रिस्तोफर मॉर्कम. एक वर्ष पुढे, हुशार, नीटनेटका, शिक्षकांचा लाडका. दोघं मिळून तारे बघायचे, रसायनांचे प्रयोग करायचे, गणितं घालायचे. अ‍ॅलनचा त्याच्यावर फार जीव होता. डिसेंबर १९२९ मध्ये दोघं केंब्रिजच्या स्कॉलरशिपची परीक्षा द्यायला गेले. मॉर्कमला मिळाली, ट्युरिंगला नाही. आणि दोनच महिन्यांनी, १३ फेब्रुवारी १९३० रोजी मॉर्कम वारला. लहानपणी प्यायलेल्या संसर्ग झालेल्या गाईच्या दुधातून त्याला क्षयरोग झाला होता. अ‍ॅलनला त्याच्या आजाराची काहीच कल्पना नव्हती.

त्यानंतर तो मॉर्कमच्या आईला कित्येक वर्षं पत्रं लिहीत राहिला. मित्राचं राहिलेलं काम आता आपण करायचं, असं त्याने मनाशी धरलं. शरीर गेल्यावर मन कुठे जातं, मन म्हणजे यंत्र आहे का, हे प्रश्न त्याला तेव्हापासून सतावू लागले असावेत. पुढच्या वर्षी स्कॉलरशिप मिळवून १९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये दाखल झाला आणि १९३५ मध्ये, बाविसाव्या वर्षी तिथला फेलो झाला. गंमत म्हणजे ज्या प्रबंधावर फेलोशिप मिळाली, त्यातलं मुख्य प्रमेय लिंडेबर्ग या गणितज्ञाने १९२२ सालीच सिद्ध केलेलं होतं. ट्युरिंगला ते माहीत नव्हतं. त्याने सगळं आपल्या आपण शोधून काढलं होतं!

आता येतो मुख्य मुद्दा. १९३५ साली मॅक्स न्यूमन या प्राध्यापकांनी गणिताच्या पायावर लेक्चर्स दिली. डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १९२८ मध्ये एक मोठा प्रश्न मांडला होता. गणितातलं कुठलंही विधान दिलं, तर ते सिद्ध होऊ शकतं की नाही हे ठरवणारी एखादी ठराविक, यांत्रिक पद्धत आहे का? म्हणजे डोकं न चालवता, नुसत्या स्टेप्स पाळत गेलं की हो किंवा नाही असं उत्तर हमखास मिळेल? ट्युरिंगने यांत्रिक हा शब्द अगदी शब्दशः घेतला. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. असाच एकदा पळून आल्यावर ग्रँचेस्टरच्या गवतावर पडलेला असताना त्याला कल्पना सुचली.

यांत्रिक म्हणजे काय? एक लांबच लांब कागदी पट्टी, तिच्यावर चौकोन. एक यंत्र एका वेळी एकच चौकोन बघतं. तिथलं चिन्ह वाचायचं, हवं तर बदलायचं, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं आणि पुढच्या अवस्थेत जायचं. बस्स, एवढंच. माणूस कागद-पेन्सिल घेऊन नियमाने जे काही हिशोब करू शकतो ते सगळं हे यंत्र करू शकतं, असं त्याने दाखवलं. पुढे जाऊन असंही दाखवलं की असं एकच यंत्र बनवता येतं ज्याला दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन पट्टीवर लिहून दिलं की ते त्याची हुबेहूब नक्कल करेल. म्हणजे यंत्र तेच, काम बदललं की फक्त वर्णन बदलायचं. आज आपण याला प्रोग्राम म्हणतो. तुमच्या खिशातल्या मोबाईलमागचं तत्त्व हेच.

आणि मग त्याने या यंत्रांना न जमणारी गोष्ट दाखवली. त्याच्या पेपरमध्ये ती थोड्या वेगळ्या शब्दांत आहे. प्रोग्राम थांबेल की नाही या रूपात ती नंतर रूढ झाली. हॉल्टिंग प्रॉब्लेम हे नाव मार्टिन डेव्हिसच्या १९५८ च्या पुस्तकात सापडतं. आम्ही तीन रात्री ज्यावर भांडलो ते हेच.

पार्टनरला मी असं समजावलं. समज, तुझा हँग डिटेक्टर तयार झाला. तो कधी चुकत नाही, प्रत्येक वेळी थांबेल किंवा थांबणार नाही असं उत्तर देतोच. आता मी त्याला आत घालून एक नवा प्रोग्राम लिहिते. त्याचं नाव उलटी खोपडी. उलटी खोपडीला कुठलाही प्रोग्राम दिला की ती आधी डिटेक्टरला विचारते, या प्रोग्रामला त्याचाच कोड इनपुट म्हणून दिला तर तो थांबेल का? डिटेक्टर थांबेल म्हणाला तर उलटी खोपडी मुद्दाम इन्फिनिट लूपमध्ये जाते. थांबणार नाही म्हणाला तर ती लगेच थांबते. आता उलटी खोपडीला तिचाच कोड खायला घाल. डिटेक्टर काय सांगणार? थांबेल म्हणाला तर ती फिरत राहणार. थांबणार नाही म्हणाला तर ती थांबणार. म्हणजे काहीही सांगितलं तरी डिटेक्टर खोटा! उलटी खोपडीत अवघड असं काहीच नाही, एक इफ आणि एक लूप. मग चूक कुठे? चूक एकच, असा डिटेक्टर आहे हे आपण धरून चाललो त्यात.

ती पहिल्या रात्री म्हणाली की ही शब्दांची चलाखी आहे, असले आचरट प्रोग्राम लिहितं कोण? साधे प्रोग्राम तपासले तरी पुरे. मग मी तिला साधा प्रोग्राम दिला. ४ पासून पुढची एकेक समसंख्या घ्यायची आणि ती दोन मूळ संख्यांची बेरीज आहे का ते बघायचं. जिथे तशी बेरीज सापडणार नाही तिथे थांबायचं. पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम, सेकंड इयरची मुलगीही लिहील. तो थांबेल का? गोल्डबाखने हा प्रश्न १७४२ मध्ये ऑयलरला पत्रातून विचारला होता. कॉम्प्युटरवर ४ वर अठरा शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासून झालंय, अजून थांबलेला नाही. पण कधीच थांबणार नाही हे कोणी सिद्ध केलेलं नाही. तुझा डिटेक्टर असता तर अडीचशेपेक्षा जास्त वर्षांचा प्रश्न एका क्लिकमध्ये सुटला असता.

दुसऱ्या रात्री ती तयारीनिशी आली. तिचं म्हणणं, ट्युरिंगची पट्टी न संपणारी आहे, पण खऱ्या कॉम्प्युटरची मेमरी तर ठराविक असते. मग मेमरीच्या अवस्थाही ठराविक. बाहेरून नवीन इनपुट येत नसेल आणि एखादी अवस्था जशीच्या तशी पुन्हा आली, तर प्रोग्राम लूपमध्ये आहे हे नक्की. झालं की सिद्ध! मला मान्य करावं लागलं की मुद्दा बिनतोड आहे. तत्त्वतः ती बरोबर होती. पण मग आम्ही हिशोब केला. १९४८ च्या मँचेस्टरच्या पहिल्या मशीनची मेमरी फक्त १०२४ बिट्स होती. तिच्या अवस्था २ चा १०२४ वा घात, म्हणजे ३०९ आकडी संख्या. दिसणाऱ्या सगळ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण ८१ आकडी धरतात. तपासत बस! मेस बंद होईपर्यंत आम्ही त्या ३०९ कडे बघत बसलो होतो.

असो. ट्युरिंगकडे परत येऊ. त्याचा पेपर तयार होत असतानाच प्रिन्स्टनच्या अलोंझो चर्चने हिल्बर्टच्या प्रश्नाला नाही हेच उत्तर वेगळ्या वाटेने दिल्याचं कळलं. पुन्हा दुसरा नंबर! पण ट्युरिंगची यंत्राची वाट इतकी वेगळी होती की न्यूमनसरांनी पेपर छापण्याचा आग्रह धरला, आणि सप्टेंबर १९३६ मध्ये ट्युरिंग चर्चकडेच पीएचडीला गेला. १९३८ मध्ये डिग्री घेऊन तो इंग्लंडला परतला. जॉन फॉन नॉयमनने देऊ केलेली नोकरी त्याने घेतली नाही.

४ सप्टेंबर १९३९. इंग्लंडने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो ब्लेचली पार्कला हजर झाला. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने गुप्त होत. तिच्या मांडण्या १५९ च्या पुढे अठरा शून्यं इतक्या, आणि त्या रोज बदलायच्या. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एनिग्मा आधी फोडली ती पोलंडच्या तीन तरुण गणितज्ञांनी, रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की यांनी, १९३२ पासून. जुलै १९३९ मध्ये त्यांनी सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिलं. सिनेमात हे फारसं दाखवत नाहीत. पण जर्मनांनी पद्धत बदलली की पोलिश युक्ती बंद पडणार होती, म्हणून ट्युरिंगने नव्या तत्त्वावर बॉम्ब नावाचं यंत्र आखलं. पहिलं मार्च १९४० मध्ये आलं. गॉर्डन वेल्चमनच्या सुधारणेने ते कितीतरी वेगवान झालं.

हे चालायचं कसं? संदेशात एखादा शब्द असणारच असा अंदाज करायचा, उदाहरणार्थ हवामानाच्या रोजच्या रिपोर्टमधला. मग यंत्र एक मांडणी गृहीत धरून विजेच्या वेगाने तिचे परिणाम काढायचं. विसंगती आली की ती मांडणी बाद, पुढची घ्या. जिथे विसंगती येणार नाही तिथे यंत्र आपोआप थांबायचं. लक्षात आलं का? उलटी खोपडीचा पुरावाही याच पद्धतीचा. काहीतरी धरून चाला, विसंगती दाखवा, बाद करा. फरक इतकाच की इथे मांडण्या भरपूर असल्या तरी मोजक्या होत्या, त्यामुळे शोध कधीतरी संपणारच होता. ज्याने कायम न सुटणारा प्रश्न दाखवला, त्यानेच सुटण्याजोगा प्रश्न ओळखून वेळेत सोडवला. १९४१ च्या मध्यापासून जर्मन पाणबुड्यांचे संदेश नियमित वाचता येऊ लागले. अटलांटिकमधून धान्य आणि तेल आणणारी जहाजं त्यामुळे वाचली, त्यांच्यावरची माणसं वाचली.

(कोलोसस हे तिथलं इलेक्ट्रॉनिक मशीन ट्युरिंगचं, असं पुष्कळ जण लिहितात. ते टॉमी फ्लॉवर्स या पोस्ट खात्यातल्या इंजिनिअरने बनवलं.)

ब्लेचलीत त्याच्या तऱ्हा प्रसिद्ध होत्या. परागकणांची अ‍ॅलर्जी म्हणून जूनमध्ये तो गॅस मास्क लावून सायकल चालवायचा. सायकलची चेन ठराविक फेऱ्यांनंतर पडायची, तर दुरुस्त करण्याऐवजी तो फेऱ्या मोजायचा आणि बरोबर वेळेवर सावरायचा. चहाचा मग कोणी नेऊ नये म्हणून रेडिएटरला साखळीने बांधलेला. (आमच्या विंगमध्ये बादल्या अशाच बांधतात.) जर्मन आले तर पैसा बुडेल म्हणून त्याने चांदीच्या विटा जमिनीत पुरल्या, आणि एनिग्मा फोडणाऱ्या या माणसाला नंतर त्या काही सापडल्या नाहीत!

तिथेच जोन क्लार्क ही त्याची सहकारी होती. केंब्रिजची गणिताची टॉपर, पण केंब्रिज तेव्हा मुलींना पूर्ण डिग्रीच द्यायचं नाही. ती १९४८ पासून मिळू लागली. तिला पगारवाढ देता यावी म्हणून ऑफिसने तिला भाषातज्ज्ञ अशी पोस्ट दिली, आणि तिला तर इंग्रजीशिवाय भाषा येत नव्हती! १९४१ मध्ये ट्युरिंगने तिला मागणी घातली आणि लगेच खरंही सांगून टाकलं की आपल्याला ओढ पुरुषांची वाटते. तिने ते समजून घेतलं. पण काही महिन्यांनी त्यानेच साखरपुडा मोडला. तिला फसवून संसार करायचा नव्हता. मैत्री मात्र टिकली.

युद्धानंतर त्याला ओबीई मिळाली, पण कशासाठी हे सांगायची सोय नव्हती. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत त्याने एसीई या कॉम्प्युटरचा संपूर्ण आराखडा लिहिला. काम रेंगाळलं. त्या काळात तो इतका पळायचा की १९४७ मध्ये मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटं ३ सेकंदांत पूर्ण केली. १९४८ च्या ऑलिंपिक विजेत्यापेक्षा फक्त अकरा मिनिटं जास्त.

दरम्यान मँचेस्टरला २१ जून १९४८ रोजी टॉम किलबर्नचा १७ सूचनांचा प्रोग्राम चालला. मेमरीत साठवलेला प्रोग्राम चालवणारं ते पहिलं इलेक्ट्रॉनिक मशीन. २ च्या १८ व्या घाताचा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वांत मोठा भाजक शोधायचा होता. सुमारे ३५ लाख क्रिया, ५२ मिनिटं, आणि मग मशीन थांबलं, उत्तर बरोबर. तिथल्या मंडळींची ती ५२ मिनिटं कशी गेली असतील याची कल्पना आपल्याला लॅबमध्ये रोज येते! ट्युरिंग त्याच वर्षी तिथे रुजू झाला.

आणि आता आमच्या प्रोजेक्टला वाचवणारी गोष्ट. जून १९४९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत ट्युरिंगने एक छोटा पेपर वाचला. मोठा प्रोग्राम बरोबर आहे हे तपासायचं कसं? त्याचं सांगणं असं की प्रोग्रामरनेच जागोजागी काय खरं असायला हवं ते लिहून ठेवावं. आणि प्रोग्राम थांबणार हे दाखवायचं तर अशी एखादी राशी दाखवावी जी प्रत्येक फेरीला कमी होत जाते आणि एका मर्यादेखाली जाऊ शकत नाही. कमी होत जाणारी गोष्ट कधीतरी संपणारच. म्हणजे सगळ्यांना लागू पडणारी एक पद्धत नाही, पण तुझ्या प्रोग्रामबद्दल तू पुरावा देऊ शकतेस. मी हे तिसऱ्या रात्री वाचून दाखवलं तेव्हा पार्टनर बराच वेळ गप्प होती. मग तिने उलटी खोपडीचा कागद परत मागून घेतला.

१९५० मध्ये त्याने माइंड या नियतकालिकात यंत्र विचार करू शकेल का यावर तो गाजलेला लेख लिहिला. ट्युरिंग टेस्ट त्यातलीच. १९५१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९५२ मध्ये प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके आणि पट्टे रसायनांच्या समीकरणांतून कसे तयार होऊ शकतात यावर पेपर आला. जीवशास्त्रात तो आजही वाचला जातो.

पण त्याच वर्षी सगळं बिनसलं. जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. त्याने स्वतः पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचं निघालं, आणि त्याने लपवलं नाही. इंग्लंडच्या १८८५ च्या कायद्याने हा गुन्हा होता. चोरी बाजूला राहिली आणि तक्रारदारच आरोपी झाला. ३१ मार्च १९५२ रोजी शिक्षा झाली. पर्याय दोन, तुरुंग किंवा वर्षभर स्त्री-हार्मोन्सचा उपचार. त्याने दुसरा घेतला. मॅरेथॉन पळणाऱ्या त्या शरीराचं काय झालं ते लिहायला मला शब्द सुचत नाहीत. गुप्त कामाची परवानगी काढून घेतली गेली. ज्या देशासाठी त्याने कोडं सोडवलं त्या देशाला आता तो धोकादायक वाटू लागला. आणि त्याच्या बाजूने बोलणार कोण? ब्लेचलीत त्याने काय केलं हे सांगायला त्यालाच बंदी होती.

८ जून १९५४ रोजी कामवाल्या बाईंना तो अंथरुणात मृत सापडला. आदल्या दिवशी गेला होता. शेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद. मृत्यू सायनाइडने. चौकशीत आत्महत्या ठरली. आईने ते कधीच मानलं नाही. तो घरी सायनाइड वापरून सोन्याच्या मुलाम्याचे प्रयोग करायचा, अपघात झाला असणार असं तिचं म्हणणं. सफरचंदाची तपासणी कोणी केलीच नाही. (अ‍ॅपल कंपनीचा लोगो यावरून आला हे हॉस्टेलमध्ये ऐकलं असेल; लोगो करणाऱ्या डिझायनरने ते नाकारलं आहे.) वय होतं फक्त ४१.

ब्लेचलीचं गुपित १९७४ नंतर उघड झालं. कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वांत मोठा पुरस्कार १९६६ पासून त्याच्याच नावाने आहे. १० सप्टेंबर २००९ रोजी ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर माफी मागितली. डिसेंबर २०१३ मध्ये राणीने माफीनामा दिला, आणि २०१७ च्या कायद्याने तशाच हजारो मृत लोकांची शिक्षा पुसली गेली. २३ जून २०२१ रोजी, त्याच्या वाढदिवशी, त्याचं चित्र असलेली ५० पौंडांची नोट आली. ब्रिटिशांनीच १८६० मध्ये आपल्याकडे आणलेलं कलम ३७७ सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं आपल्या सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. म्हणजे ही गोष्ट फक्त त्यांची नाही. आपल्या विंगमध्ये, आपल्या बॅचमध्येही कोणीतरी काहीतरी गिळून बसलेलं असू शकतं. चिडवताना एवढं आठवलं तरी पुरे.

पार्टनर म्हणत होती की शेवट असा कर की त्याच्या आयुष्याचा प्रोग्राम मध्येच थांबला. मी ते वाक्य लिहिलं आणि खोडलं. तो आपोआप थांबला नव्हता.

राहता राहिला आमचा प्रोजेक्ट. सिनॉप्सिस आम्ही बदलला. आमचा डिटेक्टर आता प्रोग्रामरला विचारतो, दर फेरीला कमी होणारी राशी कोणती? साध्या लूपसाठी ती खरंच कमी होते का ते तपासतो. उत्तरं तीन: थांबेल, अडकेल, आणि सांगता येत नाही. तिसरं उत्तर ठेवलं की उलटी खोपडीचं काही चालत नाही. हे काही आमचं संशोधन नाही बरं का. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी टर्मिनेटर नावाचं असं साधन खऱ्या ड्रायव्हर प्रोग्राम्ससाठी बनवलंय.

ओरलला एक्सटर्नल सरांनी फळ्यावर एक लूप लिहिला. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ आला की थांबा. हा १९३७ सालचा कोलाट्झचा प्रश्न, अजून सुटलेला नाही. आमच्या प्रोग्रामने उत्तर दिलं, सांगता येत नाही. मला वाटलं, गेले मार्क. पार्टनरने मात्र शांतपणे सरांना सांगितलं की हेच बरोबर उत्तर आहे. सर हसले आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी